हवा भरून झाली की निघू

मानवजातीची आजवरची सगळी प्रगती, नीट पाहिलं तर, हवा कशात कोंडावी आणि ती कुठून सोडावी या दोन प्रश्नांभोवती फिरत आलेली आहे. चाक, फुगा, भाषण आणि खात्याचा वार्षिक अहवाल ही याची ठळक उदाहरणं होत. (फुग्याच्या बाबतीत निदान फुटल्याचा आवाज तरी येतो.) या थोर परंपरेत रस्ते खात्यातल्या एका आरेखकसाहेबांनी जी भर घातली, तिची नोंद कुठेच झालेली नाही. ती इथे करणं आम्ही कर्तव्य समजतो.

साहेब एकवीस वर्षं खात्यात रस्त्यांचे नकाशे काढत होते. आठवड्याचे सहा दिवस रस्ते काढल्यावर सातव्या दिवशी माणसाला रस्ता नसलेल्या ठिकाणी जावंसं वाटतं, म्हणून आपण चारही चाकांना ताकद मिळणारा उंच, जुना ट्रक घेतला, असं ते बाहेर सांगत. घरात खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांचे सासरे, निवृत्त मास्तर, डोंगरावरच्या वस्तीत एकटे राहत. डांबरी रस्ता संपला की वस्तीपर्यंत सात किलोमीटर दगडमातीची वाट. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि त्यांना खाली आणून शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन करून घ्यायचं होतं. ट्रक त्यासाठी आला होता. (त्या सात किलोमीटरचा पक्का रस्ताही साहेबांनीच अकरा वर्षांपूर्वी काढलेला आहे. तो आजही उत्तम स्थितीत आहे; कपाट क्रमांक चार, खालचा कप्पा.)

ट्रक आला त्याच रविवारी जायचं ठरलं होतं. मास्तरांनी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. पण आदल्या दिवशी साहेब खडतर वाट वाहनचालक मंडळाचे सभासद झाले आणि सगळं शास्त्र त्यांच्या हाती आलं.

शास्त्र असं. खडतर वाटेला लागण्यापूर्वी टायरमधली हवा पस्तीस पौंडांवरून अठरावर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि जमीन धरून चालतो. परत डांबरीवर आलं की हवा पुन्हा पस्तीस करायची. आता जिथे हवा सोडली तिथे हवा भरणारं दुकान असतं का? नसतं. सबब, हवा भरायचं यंत्र गाडीवरच बसवलेलं असलं पाहिजे. ज्याच्या गाडीवर कंप्रेसर नाही त्याने हवा सोडू नये, ज्याने हवा सोडली नाही त्याने खडतर वाटेला लागू नये, आणि जो खडतर वाटेला लागला नाही त्याच्याकडून काहीच चूक होत नाही. मंडळाचे अकरा सभासद या तत्त्वाला इतके पक्के होते की गेल्या सहा वर्षांत मंडळाच्या एकाही गाडीला ओरखडा उठलेला नव्हता.

वस्तीवरचा दूधवाला मात्र त्याच वाटेने आपला साधा टेम्पो रोज एकदा खाली आणि एकदा वर नेत असे. हवा अठरा लागते हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"कंप्रेसर तयार मिळतो की हो," साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. "पिशवीत मावेल एवढा. परवा दुकानात पाहिला मी."

साहेब हसले. मंडळात तयार कंप्रेसर घेणाऱ्याबद्दल जे बोललं जाई ते बायकोसमोर सांगण्यासारखं नव्हतं. खरा कंप्रेसर स्वतः बांधायचा असतो, आणि तो स्वस्तात बांधायचा असतो. स्वस्तपणाची मंडळमान्य व्याख्या अशी, की प्रत्येक भाग भंगारातून आलेला असावा आणि तो शोधायला किती रविवार गेले हे कोणी विचारू नये.

"एवढा कंप्रेसर बसला की निघालोच," असं साहेबांनी त्या रविवारी मास्तरांना फोनवर कळवलं.

"सावकाश होऊ द्या जावईबापू," मास्तर म्हणाले. "काम पक्कं झालं पाहिजे. पिशवी भरलेलीच आहे."

पहिल्या वर्षी मूळ यंत्र मिळालं. अपघातात चेपलेल्या एका मोटारीतला, गारवा करणारा कंप्रेसर. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरवायचा आणि गार वायूऐवजी बाहेरची हवा ओढायला लावायचा, एवढीच कल्पना. पण तो मुळात उजव्या बाजूला बसणारा नव्हता, म्हणून त्याला बसायला लोखंडी पाट लागला. पाटाची भोकं जुळेनात म्हणून दुसरा पाट लागला. दुसरा जुळला, तर पट्टा तिरका पळू लागला. साहेबांनी एकूण नऊ पाट काढले, म्हणजे आधी कागदावर काढले, तीन बाजूंनी, मापांसकट. त्या वर्षी मास्तरांना वर्तमानपत्राचे फक्त मथळे वाचता येत. (बातमीत त्यापेक्षा जास्त काही नसतं, असं त्यांनी मुलीला समजावलं.)

दुसऱ्या वर्षी टाकी आली. मोडीत निघालेल्या मालट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी, आतून गंजलेली, पण बाहेरून भारदस्त. जास्त दाब झाला तर हवा सोडणारी झडप हवी, म्हणून साहेबांनी अभ्यासासाठी घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टी नेली. अभ्यास चार महिने चालला आणि तेवढे महिने घरात सगळं उघड्या पातेल्यात शिजलं. याच वर्षी भोंगाही बसला. हवा उपलब्ध होणार असेल तर हवेवर वाजणारा भोंगा नसणं हा अपव्यय आहे, असा मंडळाच्या अध्यक्षांचा अभिप्राय पडला होता. भोंगा वाजला तेव्हा शेजाऱ्यांच्या दोन खिडक्यांना तडे गेले. त्या वर्षी मास्तर माणसं आवाजावरून ओळखू लागले.

"दूधवाल्याबरोबर आणूया ना त्यांना," पत्नी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "रोज येतो तो. वीस मिनिटांत खाली."

"दुधाच्या कॅनमध्ये बसवून?" साहेबांना खरंच लागलं. "माझा सासरा? दारात एवढा ट्रक उभा असताना?"

आणि खरी गोष्ट अशी, की मास्तरही ऐकत नव्हते. जावईबापू गाडी घेऊन येणार आहेत, हे त्यांनी वस्तीवर घरोघरी सांगितलं होतं. आता दूधवाल्याच्या टेम्पोत चढायचं म्हणजे जावयाचा पाणउतारा. ते दर रविवारी फोनवर टाकी बसली का, पट्टा सरळ झाला का, अशी चौकशी करत. वस्तीवर त्या यंत्राची त्यांच्याइतकी खडानखडा माहिती कोणालाच नव्हती. पत्नी फोन ठेवून स्वयंपाकघरात जात आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहत.

तिसऱ्या वर्षी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला, की मोतीबिंदू जास्त पिकला तर पुढे अवघड जातं. त्याच आठवड्यात मास्तरांनी फोनवर सहज विचारलं, "तिकडे उजाडलं का गं?" तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

पत्नींनी तो प्रश्न साहेबांना जसाच्या तसा सांगितला. साहेब दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यांचं मास्तरांवर प्रेम होतं, याबद्दल कोणी शंका घेऊ नये. तिसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि उरलेलं काम, म्हणजे टायरपर्यंत हवा नेणारी नळी, एका दमात उरकलं. नळीची लांबी किती घ्यावी यासाठी त्यांनी ट्रकचा वरून दिसणारा नकाशा काढला, कंप्रेसरपासून सगळ्यात लांबच्या, डाव्या मागच्या चाकापर्यंत पट्टी लावली आणि सेंटिमीटरपर्यंत काटेकोर माप घेतलं. जास्तीची नळी म्हणजे जास्तीचा खर्च. तेवढीच घेतली.

रविवारी सकाळी साहेब, त्यांच्या पत्नी आणि मंडळाच्या तीन गाड्या डांबरी संपते तिथे पोचल्या. (मंडळाच्या गाड्या पुढे जाणार नव्हत्या. त्यांच्यावर कंप्रेसर नव्हता.) अध्यक्षांनी थोडक्यात भाषण केलं. मग चारही टायरमधली हवा अठरावर आणण्यात आली. निघणार, एवढ्यात एका सभासदाने शंका काढली, की पुढे जाण्याआधी भरण्याची चाचणी घ्यायला नको का? शंका रास्त होती. इंजिन चालू झालं, पट्टा फिरला, टाकी भरली, काटा वर चढला. उजवं पुढचं चाक पस्तीस. टाळ्या. डावं पुढचं पस्तीस. उजवं मागचं पस्तीस. तीन वर्षांची मेहनत फळाला आली, असं साहेबांना वाटलं.

डाव्या मागच्या चाकाला नळी अडीच हात कमी पडली.

कागदावर ती पुरत होती. कागदावर ती इंजिनातून, चालकाच्या बैठकीतून आणि मागच्या हौद्यातून सरळ रेषेत जात होती. प्रत्यक्षात तिला ट्रकला वळसा घालावा लागत होता. खालून घालून पाहिली, तर सायलेन्सरचा चटका बसू लागला. तेव्हा साहेबांनी विचार करून ट्रक उलट्या तोंडाने उभा केला. कंप्रेसर ट्रकवरच असल्यामुळे तोही उलट्या तोंडाने उभा राहिला. अंतरात फरक पडला नाही. तरी खात्री म्हणून मोजलं.

मंडळाची तातडीची सभा जागेवरच भरली. कंप्रेसर मध्यभागी हलवावा (अंदाजे आठ महिने), मागे दुसरा कंप्रेसर बांधावा (अंदाजे तीन वर्षे), की चौथं चाक तूर्त अठरावर ठेवून बाकीची तीन त्याच्या पातळीला आणावीत, यावर मतं पडू लागली. पत्नी रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या होत्या.

तेवढ्यात वरून दूधवाल्याचा टेम्पो उतरला. हौद्यात कॅनांच्या मधोमध, गुडघ्यावर पिशवी घेऊन, इस्त्रीचा सदरा घातलेले मास्तर बसले होते.

"म्हटलं, गाडी खाली आलीच आहे," मास्तर आवाजाच्या दिशेने हसून म्हणाले. "पहिल्यांदा हवा भरताना हजर राहण्याचा मान आपल्याला मिळावा. कुठाय कंप्रेसर?"

साहेबांनी त्यांना खाली उतरवलं आणि त्यांचा हात धरून कंप्रेसरवर ठेवला. मास्तरांनी पाट चाचपला, पट्टा, टाकी, भोंगा. "पक्कं काम आहे," ते म्हणाले. मग अडचण काय ती त्यांना सांगण्यात आली. त्यांनी मान खाली घालून ऐकली आणि विचारलं, "चाक काढून इकडे आणलं तर?"

सभेने सूचना एकमताने मंजूर केली. मग जॅक लावला, चाक काढलं, लोळवत आणलं, भरलं, परत बसवलं. पस्तीस. मास्तरांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

आता फक्त प्रवास उरला होता. आणि साहेबांनी, शास्त्राला धरून, अत्यंत आदराने सांगितलं, "बाबा, तुम्ही याच टेम्पोने परत वर जा. आम्ही हवा सोडतो आणि तुम्हाला न्यायला येतो."

मास्तर लगेच उठले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "वस्तीवरचेही वाट बघतायत." आणि पिशवी घेऊन टेम्पोकडे वळले.

पत्नी दगडावरून उठल्या. त्यांनी वडिलांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना टेम्पोत चढवलं, स्वतः दोन कॅनांच्या मध्ये बसल्या आणि दूधवाल्याला म्हणाल्या, "दादा, डोळ्यांचा दवाखाना माहीत आहे का?"

"रोज दूध घालतो तिथे," दूधवाला म्हणाला. टेम्पो गेला.

साहेबांनी हवा अठरावर आणली. मोहीम अर्धवट सोडणं मंडळाच्या नियमात बसत नव्हतं. सात किलोमीटर त्यांनी निर्दोष पार केले, मास्तरांच्या घरासमोर ट्रक उभा केला आणि भोंगा वाजवला. दाराला कुलूप होतं. त्यांनी आणखी एकदा वाजवला. मंडळाच्या दफ्तरी "मोहीम यशस्वी" अशी नोंद आहे.

ऑपरेशन झालं. उजवा डोळा चांगला आला. डाव्याला उशीर झाला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. किती उशीर, तर साधारण तीन वर्षं. पट्टी सुटल्यावर मास्तरांनी आधी मुलीकडे खूप वेळ पाहिलं. मग अंगणात येऊन, मान जरा तिरकी करून, एका डोळ्याने कंप्रेसर पाहिला. "हाच होय? छान आहे हो जावईबापू. फोनवर जरा मोठा वाटला होता."

 साहेब खाली बसून डाव्या मागच्या चाकाची हवा तपासू लागले. पस्तीस होती. त्यांनी पुन्हा तपासली.

वाचक इथवर हसत आले असतील, तर आमचा हेतू सफल झाला. हे वाचायला आपल्याला दहाएक मिनिटं लागली. दूधवाला तेवढ्यात निम्मी वाट उतरतो. आपल्या गाडीवर कंप्रेसर नसेल, कदाचित गाडीही नसेल. पण आपणही कोणाला तरी फोनवर सांगून ठेवलं आहे, की एवढं झालं की येतोच. (यातलं "एवढं" म्हणजे नेमकं काय होतं, हे आठवायला वेळ लागेल. लागू द्या.) तिकडे पिशवी भरून दाराशी ठेवलेली आहे, आणि आपलं काम कुठवर आलं याची चौकशी अगदी आपुलकीने चालू आहे.