आकारामचे अर्धे पिक्चर

अख्ख्या कोल्हापुरात पिक्चरमधलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, याबद्दल आकारामला तिळमात्र शंका नव्हती. संध्याकाळ झाली की तो आपल्या दोन म्हशी घेऊन गंगावेशीच्या दूध-कट्ट्यावर यायचा. गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर उभं, म्हैस निवांत रवंथ करतेय आणि धार काढता काढता आकाराम मत देतोय! दूध विकत, मत फुकट. नव्या मालिकेतली सून किती दिवस टिकणार, कुठल्या हिरोनं आता घरी बसावं, कुठल्या पिक्चरला बायकापोरं न्यावीत, सगळं तो ठणकावून सांगायचा. लोकही ऐकून घ्यायचे. तोंडात दूध असताना वाद घालता येत नाही.

एकच बारीकशी अडचण होती, आणि ती त्याची बायको आक्काताई सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. खेळ दुपारी तीनचा. इंटरव्हल सव्वाचारला. आणि पाचला म्हशी सोडायच्या. म्हशीला पिक्चरचं काय कौतुक? वेळ चुकली की ती पान्हा चोरणार! त्यामुळे गेली अकरा वर्षं आकाराम इंटरव्हलला उठून येत होता. अकरा वर्षांत त्यानं एकाही पिक्चरचा शेवट पाहिला नव्हता!

"शेवट काय बघायचाय?" तो आक्काताईला म्हणायचा. "शितावरनं भाताची परीक्षा!"

हे सगळं सुखानं चाललं असतं. पण २००४ साली आक्काताईच्या धाकट्या भावाला, संग्रामला, पिक्चरमध्ये मोठं काम मिळालं. संग्राम आयटीआयमध्ये नोकरीला होता, पगार बरा, चेहरा बरा. पण नाटकांत कामं करायचा नाद, त्यामुळं एकतिशी आली तरी लग्न जमेना. 'नाटक्या पोरगा' म्हणून तीन स्थळं परत गेली होती. त्याचा पिक्चर लक्ष्मीपुरीतल्या थेटरात लागला आणि नेमकं त्याच आठवड्यात मलकापूरच्या गुंडूअण्णांच्या श्रुतीचं स्थळ आलं. पोरीला पोरगा पसंत होता. अण्णांना मात्र सिनेमाची धास्ती. मध्यस्थ आकाराम.

"अवो, ह्या बारीला तोंड जरा आवरा," आक्काताईनं आदल्या दिवशी बजावलं. "हे बी स्थळ मोडलं, तर माझा भाऊ जन्मभर बिनलग्नाचा ऱ्हाईल."

"तू काळजीच सोड!" आकाराम म्हणाला. तिनं त्या क्षणापासून काळजी धरली.

रविवारी अण्णा आले. सोबत त्यांची म्हातारी आई धोंडुबाई, श्रुती आणि भाड्यानं केलेल्या वडापच्या जीपमध्ये मावतील तितके भाऊबंद.

"पिच्चरमदी काम म्हंजी कसलं काम हाय?" अण्णांनी चहाच्या आधीच विचारलं.

"अण्णा, देवमाणसाचं काम! मास्तर हाय त्यो. गरिबाच्या पोरांसनी पुस्तकं वाटतोय. सासूच्या तर उठता-बसता पाया पडतोय!"

"तुमी सोता बगितलासा?"

"दोन बाऱ्या! अवो, आसा जावई दिवा घिऊन हुडकला तरी गावायचा न्हाय. उटा, समद्यांस्नी दावतो!"

आक्काताईनं पदराआडून डोळे वटारले. पण तोवर आकाराम चपला घालून दारात उभा होता.

इंटरव्हलपर्यंत सगळं झकास झालं. पडद्यावरचा संग्राम सासूच्या पाया पडला, तशी धोंडुबाईनं कानशिलांवर बोटं मोडली. "गुणाचं गं बाई लेकरू!" आकारामची छाती फुगली. दिवे लागले आणि तो सवयीनं उठला.

"चाललासा कुटं?" अण्णा म्हणाले.

"मला पाठ हाय पिच्चर! तुमी बसा निवांत, ही हाय सोबतीला. मग या कट्ट्यावर, दूध पाजतो!"

सहाच्या सुमाराला कट्टा गिऱ्हाइकांनी भरला होता. आकाराम धार काढता काढता मेव्हण्याचं कौतुक सांगत होता. एवढ्यात जीप येऊन थांबली. पहिल्यांदा धोंडुबाई उतरली.

"कुटं हाय त्यो दिवा लावून हुडकलेला?" म्हातारी गरजली. म्हैस बिचकली, बादली लवंडली.

मागून अण्णा आले. "पावणं, तुमच्या देवमाणसानं सासूचा आंगठा घिऊन रान इकलं! आन तिला म्हशीच्या गोठ्यात कोंडली! आमची आई भर थेटरात उटून वराडली, ह्याला पोरगी द्यायची न्हाय म्हणून. लोकांनी टाळ्या वाजीवल्या!"

आकारामनं लवंडलेली बादली सरळ केली. पण गप्प बसेल तर तो आकाराम कसला!

"आण्णा, तुमी शेवट न्हाय का बगितला? शेवटाला सुदारतोय की त्यो! सासूची माफी मागतोय!"

"शेवटाला त्येला फाशी हुतीया!"

"कवा?" आकाराम चटकन बोलून गेला.

गिऱ्हाइकांतल्या कृष्णात शिंप्यानं तोंडाजवळचा ग्लास खाली केला. "आकाराम, तू शेवट बगितला न्हाईस?"

"तसं न्हवं... म्हशी..."

"म्हंजी दिवाळीला तू मला म्हनलास, पोरांसनी घिऊन जा, हसून हसून मुरकुंडी वळंल! हिरो मेला की त्यात! पोरं दोन दिस जेवली न्हाईत!"

मग एकेकजण सुरू झाला. अकरा वर्षांचे सगळे शेवट त्या संध्याकाळी आकारामच्या अंगावर आले. तो म्हशीआड दडायला गेला, तर म्हैसही बाजूला सरकली.

अण्णांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पिच्चर लटका असतोय, एवढं आमाला बी कळतंय. आमच्या आईचं टाळकं फिरीवलं, म्हंजी पोराच्या अंगात कला हाय. पर पावणं, माजं एकच इचारनं हाय. पोरगा निर्व्यसनी हाय, शांत हाय, नोकरी पक्की हाय, असं सांगिटलासा. ही म्हायती पुरी हाय, का ही बी इंटरव्हलपतोरच?"

आयुष्यात पहिल्यांदाच आकारामपाशी मत नव्हतं. आणि मेव्हण्याचं लग्न आपल्या जिभेनं मोडलं, याचं त्याला खरोखर वाईट वाटलं.

तेवढ्यात जीपमधून आक्काताई उतरली. "आण्णा, ह्यांस्नी सोडा. माजा भाऊ हाय, मी त्येला पाळण्यापास्नं बगितलाय. इचारा मला काय इचारायचं ते. उणं बी सांगते. रागीट न्हाय, पर झोपाळू हाय. आन सकाळच्या पारी आरशाम्होरं आर्दा तास नाटक करतोय."

श्रुती फिसकन हसली. धोंडुबाईनं नातीकडं पाहिलं, मग कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "गोठा न्हाय न्हवं त्येच्या घरात?"

"न्हाय वो आजी, ब्लाकमदी ऱ्हातोय."

"मग काय हरकत न्हाय."

पुढच्या रविवारी सुपारी फुटली. बैठक भरली, पानसुपारी झाली, आणि कुणीतरी रीत म्हणून बोललं, "मध्यस्थानी दोन शब्द बोलावं."

आकाराम उठला, टोपी नीट केली, घसा खाकरला. "मंडळी, मी अगदी सुरवातीपास्नं सांगतो..."

त्यानं पुढचा शब्द काढायला तोंड उघडलं, आणि आक्काताईनं त्यात अख्खा पेढा कोंबला. पेढा चांगला मोठा होता. तो गिळून होईपर्यंत लग्नाची तारीख ठरली, मंडप ठरला, आणि मंडळी जेवायला बसलीसुद्धा!