गिरडकरजींची अकरा कार्डं

गिरडकरजींना राग यायला कारण लागत नसे, गिऱ्हाईक पुरे. समोरचा माणूस बाकावर टेकायच्या आत ते खेकसत, "काहून आले?" आता यात्रा कंपनीत माणूस काहून येणार? दाढी करायला?

धरमपेठेत आमच्या घरासमोर त्यांचं घर आणि त्या घराच्या पुढच्या खोलीत 'निश्चिंत यात्रा कंपनी'. एक टेबल, एक बाक, भिंतीवर हिंदुस्थानचा नकाशा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वर्षातून तीन-चार वेळा ते बस भाड्याने घेत, बरोबर आचारी घेत आणि रामटेक-पारशिवनीकडच्या मंडळींना काशी-प्रयाग नाहीतर जगन्नाथपुरी दाखवून आणत. शिव्या खात पुण्य मिळवायचं असेल तर नागपुरात याहून सोयीची कंपनी नव्हती.

बस निघायच्या सकाळी ते प्रत्येकाची ट्रंक भर रस्त्यात उघडायला लावत. एकदा पारशिवनीच्या एका बाईंच्या ट्रंकेतून वरवंटा निघाला.

"काशीले चालल्या का लढाईले?" गिरडकरजी गरजले.

"दुसऱ्याच्या हातचं वाटन मले मानवत नाई जी," बाई म्हणाल्या.

"मंग पाटा कुठं हाये?"

पाटा त्यांच्या जावेच्या ट्रंकेत होता. त्या दिवशी बस तासभर उशिरा निघाली.

आम्ही गल्लीतले लोक ही मजा फुकट बघत असू. माझी मजा संपली ती आईने काशीचं मनावर घेतलं तेव्हा. तिचे डोळे अधू होत चालले होते. "दिसून राहिलं तवर गंगा पाहून घेऊ दे रे," म्हणाली. मला रजा मिळेना, म्हणून तिची जागा ठरवायला मी गिरडकरजींकडे गेलो.

"कार्डं?" ते म्हणाले.

हा त्यांचा नियम. प्रवास अकरा दिवसांचा, म्हणून घरच्यांनी अकरा पोस्टकार्डं आणून द्यायची, आणि त्यांवर आपल्या हाताने पत्ता लिहायचा. रोज एक कार्ड गिरडकरजी स्वतः लिहून टाकणार. कार्डं नाहीत तर बसमध्ये जागा नाही. मी अकरा कार्डं पुढे केली. त्यांनी पहिलंच पाहिलं आणि टेबलावर आपटलं.

"हा कुठला पत्ता होय?"

"माझ्या ऑफिसचा. दिवसभर मी तिथंच असतो, लवकर मिळेल."

"तुही आई कचेरीत राहते का गा, मधुकर? फायलीत लावून ठेवतं का तिले?"

बाकावरचे लोक हसले. मीही काही थंड डोक्याचा माणूस नाही. आवाज चढवून म्हणालो, शहरात दुसऱ्या कंपन्या आहेत. "हायेत नं! जा नं बाप्पा!" ते म्हणाले. मी गेलोही असतो, पण आईला त्यांच्याशिवाय कोणाबरोबर जायचं नव्हतं. मी पाय आपटत नवी कार्डं आणली आणि निब मोडेल इतकी दाबून घरचा पत्ता लिहिला.

आई निघाल्यावर चौथ्या दिवशी पहिलं कार्ड आलं. "आई ठीक. त्यांच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली आहे. हे तुम्हाला घरी दिसलं नाही म्हणजे चष्मा तुम्हालाच पाहिजे." पोस्टकार्ड उघडंच. पोस्टमनने वाचलं होतं, आणि संध्याकाळी शेजारच्या उमाठेबाईंनी मला ते पाठ म्हणून दाखवलं. दुसऱ्या कार्डात होतं, "आई चार पुऱ्या खातात. घरी दोन पोळ्यांवर कसं भागतं? कोणी विचारता का?" तिसऱ्यात, "आई बसमध्ये सुंदर गाणी म्हणतात. तुम्हाला माहीत आहे काय?"

मला माहीत नव्हतं. म्हणूनच तर अंगाचा तिळपापड झाला. ठरवलं, हा माणूस परत येऊ दे, भर गल्लीत धरतो. काय काय बोलायचं तेही मनात जुळवून ठेवलं.

मग एक दिवस बदलीचा पोस्टमन आला. समोरच्या घराला कुलूप दिसलं म्हणून तिथलं कार्ड त्याने आमच्याकडे टाकलं. अक्षर तेच, म्हणून आपलंच समजून मी वाचू लागलो.

"रा. रा. गिरडकर यांस. घरी कोणी नाही हे माहीत आहे, पण नियम तो नियम. आज प्रयाग. मंडळी ठीक. गुडघा फार दुखतो, कोणाला सांगितलं नाही. साठी उलटली, आता चढउतार कमी करा. तुम्ही ऐकणार नाही. गाढव आहात."

उलटून पाहिलं, तर पत्ता त्यांच्याच घराचा. मी ते घेऊन समोर गेलो. खिडकीच्या जाळीतून दारामागची फरशी दिसत होती. तिथं आधीची कार्डं पडली होती, स्वतःच स्वतःला लिहिलेली. मी हातातलं कार्ड फटीतून आत सरकवलं. जुळवून ठेवलेलं भांडण काही केल्या आठवेना. मला फार वाईट वाटलं. राग तेवढा शिल्लक होता, पण कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

आई परतली. मी तिला कार्डाचं सांगितलं तशी ती म्हणाली, "तो बस घेऊन गेला का त्याची बायको रोज फाटकात उभी राहे पोस्टमनसाठी. म्यां या डोयानं पायलं हाये. यानं कधी एक कार्ड टाकलं नाई तिले. आता साऱ्या दुनियेले टाकते."

चार महिन्यांनी पुरीची बस ठरली. मी अकरा कार्डं घेऊन समोर गेलो. सगळ्यांवर माझ्या घरचा पत्ता.

"कोन चाललं?" गिरडकरजींनी विचारलं.

"तुम्ही."

ते मान खाली घालून कार्डं एकेक करून चाळू लागले. बराच वेळ चाळत होते. आता काही मऊ बोलतील असं मला वाटलं.

"पिन कोड कुठं हाये?" ते ओरडले. "पोस्टमन काय जोतिषी हाये का?"

मी दातओठ खात तिथंच उभ्याने अकरा वेळा पिन कोड लिहिला.

बस गेल्यावर पाचव्या दिवशी पहिलं कार्ड आलं. "अक्षर सुधारा. आचाऱ्याने भाजी खारट केली, त्याला झापलं. गुडघा दुखतो. आईला सांगा." आईने त्याच दुपारी गुडघ्याला लावायचं तेल कढवून बाटलीत भरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आमच्या फाटकावरून सरळ पुढे निघाला. मी धावत जाऊन त्याची सायकल मागून धरली.

"कार्ड कुठं हाये?" मी ओरडलो. "अकरा देल्ले होते म्यां! अकरा!"