दंतोजीआबांचा धापा टाकणारा सर्व्हर

एका जंगलात जे काही वाटोळं झालं, त्याला दंतोजी हत्ती जबाबदार होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, मुलांनो. कारण शेवटी तुम्हाला एका खारीचं नाव सांगितलं जाईल.

खारीचं नाव रेवडी. घुबडगुरुजी तोच धडा पुन्हा शिकवत होते, तेव्हा तिनं तसं त्यांना तोंडावर सांगितलं. त्यानंतर ती शाळेत दिसली नाही.

दंतोजीआबा जंगलात सर्वांत ज्येष्ठ. म्हणजे ते सगळ्यांच्या आधी जन्मले होते. याखेरीज त्यांनी काही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

जंगलाच्या संगणक खोलीत आबांच्या गादीशेजारी एक मोठा सर्व्हर होता. बाकीच्यांसाठी लहान लहान डबे. डब्यांत डिस्क नव्हती. बटण दाबलं की डबा तारेतून सर्व्हरकडे लिनक्स, म्हणजे संगणक जागा करणारी प्रणाली, मागायचा. मग माकडाला चित्र काढायचं असो की सशाला गाणं ऐकायचं असो, राबायचा सर्व्हरच. डबे नुसतं पडद्यावर दाखवायचे.

दुपारी गर्दी झाली की सर्व्हर धापा टाकायचा. त्याचा पंखा असा गरजायचा की आबांना झोपेतही समाधान वाटायचं. केवढं काम चाललंय!

खोलीच्या रीतसर उद्घाटनाला वनराज यायचे होते. सगळ्या पडद्यांवर एकदमच त्यांच्या पराक्रमाची फिल्म लागणार होती. ती नीट चालली तर खोलीची राखणदारी कायमची रेवडीला, असं आबांनी चारचौघांत कबूल केलं होतं. शाळेतून काढलेल्या खारीला दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं.

रेवडीनं डबे उघडून पाहिले. प्रत्येकात थोडी मेमरी होती, बऱ्यापैकी प्रोसेसर होता. दोन्ही बसून आळसावलेले. तिनं मांडणी बदलली. लिनक्स आणि फायली सर्व्हरनं द्यायच्या, पण प्रोग्रॅम डब्यानं आपला आपण चालवायचा.

आणि काय सांगू! माकडांनी वाट्टेल तेवढ्या खिडक्या उघडल्या, तरी डबे पळतच होते. ससा खुर्चीवर चढून नाचला. कासव म्हणालं, "जरा दमानं घे गं बाई, मला सवय नाही."

फक्त सर्व्हर गप्प झाला. त्या शांततेनं आबा दचकून जागे झाले.

"आवाज का बंद?"

"काम डबे करतायत, आबा. सर्व्हरला आता धाप लागत नाही."

"मला विचारलं होतंस?"

"तुम्ही झोपला होतात."

"झोपलो तरी मी वडीलधाराच असतो." आबा सर्व्हरवरून सोंड फिरवत म्हणाले, "आज डबे आपले आपण चालतात. उद्या पिल्लं चालतील. मग आमच्याकडे यायचं कुणी? पूर्वी होतं तसं कर."

फिल्म अडकेल, असं रेवडीनं परोपरीनं सांगितलं. निदान एक दुपार दोन्ही पद्धती लावून बघा म्हणाली. आबांनी नारळ मागवून फोडला. त्या जंगलात नारळ फुटला की वाद संपतो. रेवडीला राखणदारी हवी होती. तिनं दात ओठ खात सगळं पूर्ववत केलं.

उद्घाटनाला सर्व्हर असा गरजला की आबांची छाती फुगली. फिल्म सुरू झाली. वनराजांनी हरणावर झेप घेतली आणि तिथंच अडकले. प्रत्येक पडद्यावर वनराज हवेत, पाय फाकलेले, तोंड उघडं. हरीण मात्र चौकटीबाहेर गेलेलं.

सगळे वनराजांकडे चोरून बघू लागले. कासव तेवढं खुशीत म्हणालं, "हं, आता जमतंय मला."

मग ससा हसला, माकडं हसली, सगळी खोली गडाबडा लोळली. खुर्चीतले वनराज मात्र उठून चालते झाले.

चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष, दंतोजीआबा. मधल्या काळात डब्यांना स्वतः चालायची सवय लावल्यामुळे त्यांचं वळण बिघडलं, असा समितीनं निष्कर्ष काढला. ती सवय लावणारी रेवडी. तिला खोलीची पायरीसुद्धा बंद झाली. राखणदारी रेड्याला मिळाली. तो काहीच करत नाही, तेव्हा त्याच्या हातून काही बिघडणारही नाही, असं सर्वानुमते ठरलं.

तात्पर्य: मुलांनो, स्वतःचं डोकं कधीही चालवू नका. ज्याचं डोकं सर्वांत मोठं, त्यालाच धाप लागू द्या. तो धापा टाकतो तोवर कर्तबगार असतो, आणि बंद पडला की दोष तुमचा.

दंतोजीआबांचं यात एवढंच नुकसान झालं. समितीच्या बैठकीपायी त्यांची एक दुपारची झोप गेली.