बागेतला सर्व्हे

"लाँग कोविड म्हणजे निव्वळ खूळ," सरांनी चहात बिस्किट बुडवत निकाल दिला. सर म्हणजे संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सगळी सोसायटी त्यांना 'सर' म्हणे. बायकोही म्हणे, पण जरा वेगळ्या सुरात.

समोर डॉक्टर लेक बसली होती. कोविड बरा झाल्यावरही रेंगाळणारा हा त्रास नक्की किती जणांना होतो, यावरच दुसऱ्या दिवशी तिचं व्याख्यान होतं.

"बाबा, कोणी म्हणतं शंभरात तीन, कोणी म्हणतं तीस. जो तो आपल्या पद्धतीने मोजतो. तेच तर मी सांगणार आहे."

"तीन ते तीस? एवढी घासाघीस तर मंडईतही होत नाही!"

"पण तुम्ही येणार ना? पहिल्या रांगेत खुर्ची धरलीये."

"पटलं तर येईन. कच्च्या आकड्यांना मी टाळ्या वाजवत नाही."

लेकीचा चेहरा पडला. ते सरांना दिसलं आणि बोचलंही, पण हट्ट तो हट्टच. ते तडक बागेत गेले, फिरायला आलेल्या प्रत्येकाला गाठलं आणि विजयी मुद्रेने परतले.

"एकालाही काही होत नाही!"

"बाबा, ज्याला चार पावलांत दम लागतो, तो बागेत फिरायला येईल का?"

सर ओशाळले. नेमक्या याच चुकीसाठी त्यांनी आयुष्यभर पोरं नापास केली होती.

मग सर जिने चढून दारोदार फिरले. प्रश्न विचारायचा अवकाश, तक्रारींचा पूर आला. गुडघे, झोप, सुनेचा स्वभाव, सगळं कोविडनंतरचंच निघालं. एका शेजाऱ्याने तर टक्कलही त्यात घातलं.

"अहो, तुमचं टक्कल तर फार जुनं आहे," सर म्हणाले.

"टक्कल जुनं हो, पण ही चमक नंतर आली!"

वरच्या मजल्यावरच्या काकूंना तर कोविड झालाच नव्हता. "पण घरात सगळ्यांना झाला, मग मलाच कसा सोडेल?" असं म्हणून त्यांनीही नाव घालायला लावलं.

सर घरी येऊन गॅसजवळच्या खुर्चीत बेरीज करत बसले. बायकोने गच्चीवर जाताना दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं. थोड्या वेळाने लेक दारातूनच ओरडत आली, "काय जळतंय?"

"कुठे काय?" सरांनी मान वर केली. शेजारीच पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. "ते सोड. शंभरात शंभर निघाले! म्हणजे मोजणीतच खोट आहे. कोविड न झालेल्यांशी तुलना करायला हवी, तेवढं मलाही कळतं."

लेकीने गॅस बंद केला. "बाबा, तुम्हाला वास नाही आला?"

"त्यांना कुठला वास?" मागून आलेली आई म्हणाली. "त्या कोविडच्या आजारपणापासून मीठ-मसाल्याचा पत्ता नाही. जिन्यात दर मजल्यावर टेकतात आणि विचारलं की म्हणतात, विचार करतोय!"

लेक हळूच म्हणाली, "सगळ्यांना विचारलंत. स्वतःला विचारलंत का?"

सरांनी पातेल्यावर वाकून हुंगून पाहिलं आणि यादीत आपलंही नाव लिहिलं.

"उद्या आधी तुमची तपासणी करू," लेक म्हणाली.

"छे! उद्या तुझं व्याख्यान आहे. परवा बघू."

दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेतली खुर्ची भरलेली होती. लेक बोलू लागली तशी मागून कोणीतरी पुटपुटलं, "सगळं खूळ आहे."

सर गर्रकन वळले. "अहो, टक्केवारी ठरायचीय अजून, नीट ऐका. पण एक माणूस तिने करपल्या दुधावरून पकडला!"

"असा कोण सापडला?"

सरांनी कॉलर नीट केली.

"तिचा बाप!"