सात नंबरची सवत

मी भुताखेतांना भीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो! सरकारी कचेरीत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाला भूत काय घाबरवणार? म्हणूनच रायपूर राजधानी झालं, नवनवी खाती निघाली आणि माझी बदली अभनपूर रस्त्यावरच्या कोळंबी संशोधन केंद्रात झाली, तेव्हा मी हसतहसत गेलो. वास्तविक आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

केंद्र म्हणजे एक लांबलचक शेड. कोळंबीला उजेड सोसत नाही म्हणून खिडक्यांना काळं कापड. भर दुपारी आत शिरलं तरी तळघरात उतरल्यासारखं वाटायचं. टाक्यांमधून सारखं बुडबुड ऐकू यायचं आणि टॉर्च मारला की पाण्यातून लाल डोळे आपल्याकडे बघायचे!

या अंधारात आमच्या शास्त्रज्ञ पूर्णिमा मॅडम तीन वर्षं राबत होत्या. निवडक नर, निवडक मादी, मोजून खुराक. असं करत तिसऱ्या पिढीत त्यांना हवी तशी एकच मादी मिळाली. सात नंबरच्या टाकीतली, डावी नांगी तुटलेली. तिला खास निवडलेल्या नरापासून अंडी झाली, की मॅडमचं संशोधन पुरं!

मॅडम तीन दिवस नागपूरला बैठकीला निघाल्या.

"नरहरीजी, सातकडे लक्ष ठेवा. काही वेगळं दिसलं, तर लगेच फोन करा."

"निश्चिंत जा मॅडम! पोटच्या पोरीसारखी सांभाळतो!"

दुसऱ्याच दिवशी सकाळी टॉर्च मारला, तर पोर उताणी! पांढरीफटक, डावी नांगी नसलेली. चिमट्यानं उचलली, तर वजनच नाही. जीव गेला की एवढंच उरत असेल, असं वाटलं. फोन उचलला, परत ठेवला. काय सांगणार मॅडमना?

मी तिला जास्वंदीखाली पुरलं. वर चिमूटभर कुंकू टाकलं आणि थेट अभनपूरला, कोळंबी पाळणाऱ्या गुलाबरावांच्या तळ्यावर गेलो.

"एवढाच एक जिवंत झिंगा पायजे," मी बोटानं माप दाखवलं.

"काहून जी? तुम्ही तं माळकरी माणूस!"

"सरकारी काम आहे!"

दुपारपर्यंत नवी कोळंबी सात नंबरात. हिला दोन्ही नांग्या होत्या. मॅडमनी विचारलं तर सांगू, खुराक चांगला लागला, हात परत फुटला!

संध्याकाळी समता कॉलनीत घरी येऊन सगळं बायकोला, विनोदिनीला सांगितलं. तव्यावरची पोळी तव्यावरच राहिली.

"अंडी व्हायच्या आधीच गेली? अवो, तिचा जीव अडकला असंल नं तिथं! अन् तुम्ही तिच्याच घरात सवत नेऊन सोडली!"

"कोळंबीची कसली सवत!"

"हसून काय राहिले? बाईमाणसाचं मन तुम्हाले काय समजते!"

मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी दुपारी शेडचं दार उघडलं आणि वीज गेली. बुडबुड थांबली. एवढी शांतता मी तिथं कधी ऐकली नव्हती. सात नंबरवर टॉर्च मारला. दोन लाल डोळे. मागे, कोळंबीला लपायला टाकलेल्या पाइपच्या तुकड्यात आणखी दोन!

पाइपमधून ती सावकाश बाहेर आली. तीच! डावीकडे, जिथं काही नव्हतं, तिथं एक चिमुकला, फिकट हात उगवलेला. पोटाखाली नारिंगी गोळा. मी काल पुरलेली बाई आज गर्भार होऊन माझ्याकडे बघत होती!

"बाई, काय इच्छा राहिली तुझी?" मी हात जोडून विचारलं. तिनं तो नवा हात वर केला. त्यानंतर मी दारापर्यंत कसा पोचलो, ते मला आठवत नाही.

मॅडम परतल्या, तेव्हा शेडला कुलूप आणि कुलपाला लिंबू-मिरची होती. मी सगळं कबूल केलं.

"अहो नरहरीजी, तिनं कात टाकली! तुम्ही नुसतं रिकामं कवच पुरलंत! कात टाकली की तुटलेली नांगीही नवी फुटते, आणि तेव्हाच मादीजवळ नर सोडायचा असतो. म्हणून तर फोन करा म्हटलं होतं!"

"मग काळजी नाही मॅडम! अंडी तर झालीत!"

मॅडमचं हसू मावळलं. "नराशिवाय? माझा नर तर नऊ नंबरात आहे."

त्यांनी टॉर्च घेतला आणि मी आणलेल्या सवतीला पोटाकडून नीट पाहिलं. मग उपडी बादली ओढून तिच्यावर बसल्या.

"तीन वर्षं, नरहरीजी," एवढंच म्हणाल्या. मला खरंच रडू आलं.

नोंद तर करावीच लागली. आई : सात नंबर, तिसरी पिढी. बाप : गुलाबरावांचं तळं, अभनपूर. शेवटचा रकाना होता 'नर निवडणारे शास्त्रज्ञ'. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं : नरहरी.

बाहेरच्या तळ्यातला रोग नको, म्हणून मॅडमनी पहिल्या पिढीपासून पुन्हा सुरुवात केली आहे. मी अजूनही भुतांना भीत नाही. पण शेडमध्ये एकटा जात नाही. मॅडमच जाऊ देत नाहीत!