सहाशे तेवीस मीटरवरचे आहेरसाहेब

आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये आहेरसाहेबांना "कुठे निघालात?" असं विचारलं, तर ते जागेचं नाव सांगत नाहीत, उंची सांगतात. "खाली, पाचशे पासष्टला" म्हणजे गोदाघाटावर भाजी आणायला. त्यांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट म्हणे समुद्रसपाटीपासून सहाशे तेवीस मीटरवर आहे. माझं दार त्यांच्या समोरच. मी एकदा हौसेनं म्हणालो, "म्हणजे मीही सहाशे तेवीसलाच की!" तर म्हणाले, "नाही. तुमच्याकडे उंबरा आहे. दोन इंच धरा."

पाटबंधारे खात्यात त्यांची तीस वर्षं जमिनीची लेव्हल घेण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी दुर्बीण सरकारनं ठेवून घेतली, खोड मात्र साहेबांबरोबर घरी आली. "उंचीत खोटं चालत नाही" हे त्यांचं पालुपद. साल्हेरला एकदा माथा वीस पावलांवर असताना मधमाश्या उठल्या आणि त्यांना परतावं लागलं. अजूनही कुणी "साल्हेर केलाय ना तुम्ही?" असं विचारलं, की ते "वीस पावलं कमी" असंच सांगतात. मी असतो तर माश्यांसकट माथा गाठल्याचं सांगितलं असतं.

दरवर्षी ते हिमालयात जायचे, एकटेच. मंगलवहिनी डिंकाचे लाडू बांधून द्यायच्या आणि पंधरा दिवस निवांत मालिका बघायच्या. गेल्या वर्षी साहेबांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना उभं राहून जाहीर केलं, "या वेळी मंगल बरोबर येणार. चार हजार मीटरच्या वर." ही बातमी वहिनींना आमच्याबरोबरच कळली.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. पाठीवर दहा किलो, तीन मजले, दहा फेऱ्या. वजनासाठी सॅकमध्ये काय भरायचं? वहिनींचं माहेर चांदवडचं, त्यामुळे बाल्कनीत कांद्यांना तोटा नव्हता. वहिनी पंजाबी ड्रेस आणि नवेकोरे बूट घालून पहिल्या मजल्यावर आल्या, तर तिथल्या काकूंनी अडवलं. "अगं मंगल, कांदे वाटतेस? मला दे दोन किलो." वहिनींनी दिले. दुसऱ्या मजल्यावर दोघींनी घेतले. सहाव्या फेरीला वहिनी गाणं गुणगुणत वर आल्या.

"काय दम आहे बघा!" साहेब मला अभिमानानं सांगत होते. मग त्यांना संशय आला. सॅक काट्याला लावली, सव्वा किलो भरली.

"मंगल! उंचीत खोटं चालत नाही!"

"अहो, उंचीत कुठं केलं? वजनात केलं," वहिनी शांतपणे म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

पण खरं सांगायचं तर त्यांना सरावाची गरजच नव्हती. सरावाला आम्ही रामशेज किल्ल्यावर गेलो, तेव्हा साहेब मागून "सावकाश, नाकानं श्वास घे" असं ओरडत राहिले आणि वहिनी वर जाऊन डबा उघडून बसल्या. "लहानपणी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन टेकडी उतरायचो आम्ही," त्या मला म्हणाल्या. "हे नाकाचं तेव्हा कुणी सांगितलं नाही."

दोघं निघाले तेव्हा सगळी बिल्डिंग खाली जमली होती. दोघांना एकसारख्या लाल लोकरी टोप्या. नाशिकच्या मे महिन्यात! साहेबांनी घोषणा केली, "माथ्यावर जाऊन आल्यावर गच्चीवर सगळ्यांना जिलबी."

जिलबी झाली नाही. परत आल्यावर साहेबांनी पार्किंगमध्येच सांगून टाकलं, "माझ्यामुळे अर्ध्यातून परत फिरावं लागलं. उंची मला लागली. डोकं धरलं, उलट्या झाल्या. मंगल ठणठणीत होती."

मग काय, बिल्डिंगला विषयच मिळाला. "साहेब, नाकानं श्वास नाही घेतला का?" सगळ्यात जास्त टोमणे मीच मारले, हे कबूल करतो. साहेब हसत राहिले.

आठवड्यानं वहिनी वाटीभर लाडू घेऊन माझ्याकडे आल्या. बसल्या, उठल्या, परत बसल्या.

"भाऊजी, त्यांना नका चिडवत जाऊ. त्यांना काही झालं नव्हतं. मला झालं होतं."

मी लाडू खाली ठेवला.

"शेवटच्या तळावर सकाळी मला उठवेना. वाटाड्या म्हणाला, ताईंना माझा माणूस खाली नेईल, साहेब तुम्ही वर चला, चार तासांचं काम आहे. ह्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. स्वतःची टोपी काढून माझ्या टोपीवर चढवली आणि माझा हात धरून उतरायला लागले."

"मग हे असं खोटं...?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, तुला सोसलं नाही असं लोक म्हणतील, मग तू पुन्हा यायची नाहीस." वहिनींनी डोळे पुसले. "म्हणाले, इतकी वर्षं माथ्यावर पोचलो की तोंडातून निघायचं, 'ते बघ मंगल.' आणि शेजारी कुणी नसायचं."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात दोघांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झालेल्या ऐकल्या आणि मी लिफ्ट सोडून जिन्यानं उतरलो, माफी मागायची म्हणून. पाठीवर फुगलेली सॅक घेऊन वहिनी माझ्या बाजूनं वर निघून गेल्या. मागून साहेब कठड्याला धरून येत होते. समोर आले तेव्हा माफी राहिली बाजूलाच. बोलायचं म्हणून मी विचारलं, "साहेब, नक्की किती उंचीवरून परत फिरलात हो?"

उंबऱ्याचे दोन इंच न सोडणारा तो माणूस घाम पुसत म्हणाला, "असेल साडेतीन-चार हजार. बघायचं राहिलं."

वरून हाक आली, "अहो, येताय ना?"

"आलो, आलो," म्हणत ते दोन-दोन पायऱ्या चढायला लागले.