पत्र्यावरचा भोकाचा पैसा

आमटीसाठी भिजत घातलेली चिंच वाटीतून नाहीशी झाली, तेव्हा ती शोधायला अरुंधतीबाईंना मोरीपलीकडे जावे लागले नाही. अनंतराव मोरीच्या कठड्यावर बसून त्या चिंचेने एक भोकाचा पैसा घासत होते.

"काय निघालं?"

"पंचेचाळीस," अनंतराव म्हणाले. सूर असा, की ऐकणाऱ्याला ते कुणा वारलेल्या माणसाचे वय वाटावे.

"आणि आमटीत काय घालू?"

"आमसूल घाल."

अनंतराव संत तुकाराम नगरात राहायचे आणि पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या स्टोअरमध्ये बसायचे. कंपनीचा एक नट इकडचा तिकडे होऊ न देणारा हा माणूस घरी मात्र चलनातून बाद झालेल्या पैशांमागे लागला होता. युद्धाच्या काळात धातू वाचवायला सरकारने मधे भोक ठेवून पैसा काढला होता. पुढे नवे पैसे आले आणि तो बाजारातून उठला. उठून अनंतरावांच्या अल्बममध्ये येऊन बसला. सालाप्रमाणे, त्यावरच्या मुकुटाप्रमाणे रांग लागली होती. त्या रांगेत एकच घर रिकामे होते. चव्वेचाळीस सालचा, गोल मुकुटाचा.

दिवाळीनंतर पुण्यात नाणी जमवणाऱ्यांचे प्रदर्शन होते, आणि सांगवीच्या सदाशिव लिमयांनी भर बसमध्ये सांगितले होते, "आमचा संच पूर्ण आहे बुवा. तुमचं कुठवर?" तेव्हापासून अनंतरावांना अन्न गोड लागत नव्हते. जेवत नेहमीइतकेच होते, पण गोड लागत नव्हते.

नाणेवाल्यांकडे तो पैसा नव्हता, म्हणून अनंतराव भलत्या ठिकाणी शोधत. भंगारवाल्याच्या पिंपात हात घालून झाला. बैलांच्या गळ्यातल्या माळा वाकून वाकून पाहिल्या. एका बैलाने शिंग लावून त्यांचीही चौकशी केली. शेवटी स्टोअरमध्ये माल उचलणाऱ्या गेनूने टेबलावरचा पैसा पाहिला आणि तो हसला.

"ह्यो व्हय? आमच्या पत्र्याला हायेत की, साहेब."

"पत्र्याला?"

"तात्यानं घरावर पत्रं ठोकलं तवा वायसर महाग आन् ह्यो पैसा स्वस्त. खिळ्याखाली पैसाच घातला. आमच्या आळीत समद्यांनीच."

अनंतरावांनी टेबलाची कड धरली.

रविवारी गेनूच्या गावाला जायला ते चाकणच्या एसटीत बसले. पिशवीत खिळे उपटायला अंबूर, हातोडी, डांबराचा डबा आणि पिंपरीच्या बाजारातून स्वतःच्या खिशातून घेतलेले नवे वॉशर. सोबत अरुंधतीबाई. "तुम्ही पैसे काढा, मी कांदे बघते. दोघांपैकी एकाला तरी काहीतरी मिळू दे," त्या म्हणाल्या होत्या.

गेनूचे वडील तात्याबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पत्र्याकडे पाहिले, पाहुण्याकडे पाहिले आणि अट घातली. "जितकं पैसं काढाल तितकं वायसर लावायचं. थेंब गळाया नगं."

"एक थेंब गळणार नाही."

"मग चढा. शिडी धरतो."

जुना खिळा निघाला की पैसा हाती येई, तो खाली सोडला की गेनूची आई गवराबाई चिंचेच्या पाण्यात टाकी, आणि अरुंधतीबाई चष्मा लावून साल वाचत. "त्रेचाळीस. पुन्हा त्रेचाळीस. हा चव्वेचाळीस, पण मुकुट चपटा." वरून एक सुस्कारा येई आणि पुढचा खिळा करकरे.

शेजारच्या कुशाबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"गवरे, पत्र्यावर कोन गं?"

"कंपनीतलं साहेब हायेत. वायसर बदलत्यात."

"किती घेत्यात?"

"काय न्हाई. चिंच बी त्यांचीच."

कुशाबाईंनी थोडा वेळ विचार केला. फुकट काम करणाऱ्या माणसात काही खोट असणार, हे उघड होते. पण त्यांचा पत्राही गळत होता, हेही उघड होते. "साहेब," त्यांनी हाक मारली, "हिकडलं झालं की आमच्याकडं या. च्या ठिवते."

नाही म्हणणे शक्य नव्हते. न जाणो, गोल मुकुट कुशाबाईंच्याच डोक्यावर असायचा. अनंतराव एका पत्र्यावरून उतरून दुसऱ्यावर चढले, तिथून तिसऱ्यावर. वॉशर संपले, तेव्हा गेनू सायकलवरून चाकणला जाऊन आणखी घेऊन आला. विजार गुडघ्याशी फाटली. आळीत त्यांचे नाव 'पत्र्याचं साहेब' असे पडले, आणि पुढच्या रविवारी ते एसटीतून उतरले तर लोक शिड्या लावूनच बसले होते. एक म्हातारा त्यांना थेट गोठ्याकडे घेऊन गेला.

"पण इथं पैसे नाहीत, बाबा. इथं साधे वॉशर आहेत."

"मग काय झालं? पानी तर गळतंयच की."

अनंतरावांनी गोठाही केला. अशा रीतीने सगळी आळी कोरडी झाली आणि गोल मुकुट काही निघाला नाही.

ते थकून तात्याबांच्या ओट्यावर येऊन टेकले. गवराबाईंनी चहा आणला. गेनूची तान्ही लेक छबू रांगत आली आणि अनंतरावांच्या बशीवर तिने हक्काने हात मारला. तिला आवरताना त्यांचे बोट तिच्या कमरेच्या काळ्या धाग्यात अडकले. धाग्यात एक भोकाचा पैसा होता. इतक्या दिवसांची सवय; त्यांनी तो उलटा करून पाहिला. चव्वेचाळीस. मुकुट गोल.

"तात्याबा," त्यांनी विचारले, "हा कुठला?"

"पत्र्याचाच की. पोरगी झाली तवा नजर लागू नये म्हनून त्यातल्या त्यात बरा बघून काढला. तवापासून तिथं गळत हुतं. म्हनून तर तुमाला वर चढू दिलं."

अरुंधतीबाईंनी तोंडाला पदर लावला. अनंतरावांनी त्या पैशाच्या बदली काय काय देऊ केले, ते ऐकून गवराबाईंनी छबूला उचलून मांडीवर घेतले.

"आत्ता न्हाई सोडायचा. पोर चालाया लागली की सोडत्यात. मग तुमचाच. शब्द दिला."

"कधी चालेल?"

"तिच्या मनावर हाय."

तिच्या मनावर सोडण्याइतका वेळ अनंतरावांकडे नव्हता. प्रदर्शन जवळ येत होते. पुढच्या रविवारी ते पिंपरीच्या सुताराकडून करून घेतलेला लाल पांगुळगाडा खांद्यावर घेऊन उतरले. छबूने गाड्याची सगळीकडून पाहणी केली आणि त्यावर बसून घेतले. मग अनंतराव तिला अंगणभर ढकलत राहिले.

"बरोबर हाय," तात्याबा म्हणाले. "पोरगी साहेब व्हनार. बसून काम."

पुढे खुळखुळा आला, रबरी बदक आले. अनंतराव अंगणाच्या एका टोकाला उकिडवे बसून बदक वाजवत आणि छबू दुसऱ्या टोकाहून रांगत येई. ते बदक मागे सरकवत, ती अजून रांगे. स्टोअरमध्ये मालाच्या पावत्यांवर सही करता करता ते गेनूला विचारू लागले, "काल उभी राहिली का? धरून की न धरता?" गेनूच्या शिफ्टमधले लोक समजले, की साहेबांची नात आहे.

प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी छबूने पांगुळगाडा सोडला. कुणी बदक वाजवले नव्हते. ती हेलकावे खात अंगण ओलांडून आली आणि अनंतरावांच्या रफू केलेल्या विजारीला मिठी मारून उभी राहिली. आळीतल्या बाया गोळा झाल्या. गवराबाईंनी दिल्या शब्दाप्रमाणे धागा सोडला आणि पैसा अनंतरावांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या, साहेब. झालं तुमचं."

पैसा अजून कोमट होता. अनंतरावांनी मूठ मिटली. तेवढ्यात छबू पुन्हा चालू लागली आणि कुशाबाई टक लावून बघत म्हणाल्या, "काय गं बाई ठुमकत चालतीया. गुटगुटीत कशी, गाल कसं."

"खरंच की," दुसरी म्हणाली. तिसरी जवळ सरकली.

अनंतराव अस्वस्थ झाले. नजर वगैरे थोतांड आहे, हे त्यांनी कंपनीच्या कँटीनमध्ये पुष्कळदा सिद्ध केले होते. पण तिथे छबू नव्हती. त्यांनी एकदा कुशाबाईंकडे पाहिले, एकदा त्या उघड्या कमरेकडे.

"गवराबाई," ते हळूच म्हणाले, "तो धागा द्या इकडे."

"आता कशाला?"

"अजून थोडे दिवस राहू दे. इतक्या बायांत चाललीय ती. प्रदर्शन काय, दर वर्षी असतं."

गाठ त्यांनी स्वतःच मारली, आणि ओढून पाहिली.

प्रदर्शनात अनंतरावांच्या टेबलापाशी सदाशिव लिमये बराच वेळ रेंगाळले. एकच घर रिकामे होते आणि त्याखाली सुबक अक्षरात चिठ्ठी होती: 'वापरात आहे.'

"वापरात?" लिमये म्हणाले. "अहो, हा पैसा बाजारातून बंद होऊन किती वर्षं झाली."

"बाजारातून झाली असतील," अनंतराव म्हणाले, आणि येत्या रविवारसाठी घुंगरांचे वाळे कुठल्या पेठेत बरे मिळतील, ते अरुंधतीबाईंना विचारू लागले.